वाघ अजून तिथेच असताना: ब्रह्मपुरी पट्ट्यातली एक केस

वाघाने माणूस मारला की आपल्याकडे पुढचं सगळं ठरलेलं आहे. वनरक्षक येतो, पंचनामा होतो, पोलीस येतात, बॉडी पोस्टमार्टमला जाते, गावकरी रस्ता अडवतात, आरएफओ म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी साहेब समजूत काढतात, तातडीची मदत म्हणून थोडी रक्कम घरच्यांच्या हातात पडते आणि बाकीची फाईल सुरू होते. राज्यात मृत्यूची भरपाई वाढत वाढत आता २५ लाखांवर आली आहे. कायमचं अपंगत्व, गंभीर जखम, गाय-बैल-शेळी, सगळ्याला सरकारी कागदात रकाना आहे. पण मेलेल्या बाईपासून दहा पावलांवर जी दुसरी बाई मोह वेचत होती, जिच्या अंगावर ओरखडा पण नाही, तिच्यासाठी त्या कागदात कुठेच जागा नाही. ही केस तिची आहे.

मी या भागात गावपातळीवर समुपदेशनाचं काम करते. तिला विचारूनच लिहिते आहे, आणि तरी गाव, वय, नात्यातल्या काही गोष्टी बदलल्या आहेत. नाव देत नाही. एका घरातल्या दोन जावा होत्या, म्हणून थोरली आणि धाकटी एवढंच म्हणते. थोरली गेली, धाकटी राहिली.

बाहेरच्या लोकांना चंद्रपूर म्हटलं की ताडोबा आणि जिप्सी आठवते, पण इथला मोठा प्रश्न ताडोबाच्या बाहेरचा आहे. ब्रह्मपुरी वनविभागात, म्हणजे ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, सावली या बाजूला, जंगल आणि धानाच्या बांध्या म्हणजे खाचरं एकमेकांत घुसलेल्या आहेत, मध्ये बोड्या म्हणजे छोटी तळी, मध्ये टोले म्हणजे वस्त्या, आणि वाघ या सगळ्यातून ये-जा करतो. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले आणि त्यातले कितीतरी अभयारण्याच्या हद्दीत बसत नाहीत. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी गेल्या, ती बातमी सगळ्यांनी वाचली असेल. मार्च-एप्रिलमध्ये मोह, मे मध्ये तेंदू, हे दोन हंगाम म्हणजे इथल्या घरात रोख पैसा येण्याचे दिवस, आणि हेच दिवस सगळ्यात धोक्याचे. मोहाची फुलं रात्री गळतात, गुरं आणि हरणं खायच्या आत वेचायची म्हणून बाया अंधारातच निघतात, आणि खाली वाकून किंवा बसून वेचतात. उभा माणूस वाघाला माणूस दिसतो, वाकलेला माणूस तसा दिसत नाही, हे इथल्या जुन्या लोकांना कोणी शिकवावं लागत नाही.

घटना थोडक्यात सांगते, कारण ती रंगवून सांगण्यात काही अर्थ नाही. एप्रिलची पहाट, सहा-सात बाया, प्रत्येकीचं झाड ठरलेलं. थोरलीला त्या दिवशी यायचं नव्हतं, आदल्या रात्री तिला कणकण होती, धाकटीने तिला उठवलं की फुलं भरपूर पडली असतील, चल. झाडाखाली वेचता वेचता धाकटीने मान वर केली तेव्हा थोरलीची टोपली तिथे होती आणि थोरली नव्हती. पुढचं तिने पाहिलं. आरडाओरडा केला, बाकीच्या धावल्या, वाघ गेला, पण उशीर झाला होता.

आम्हाला ती भेटली त्याला बरेच महिने झाले होते. मधल्या काळात तिने काय काय केलं ते बघा. छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, चक्कर, जेवण जात नाही, म्हणून आधी गावातल्या डॉक्टरकडे सलाईन, मग तालुक्याला रक्त तपासणी, मग सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. एकाने झोपेची गोळी लिहून दिली, अल्प्राझोलम, ती सुरू झाली ती सुरूच राहिली, मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय पण देत होता. पुजाऱ्याकडे पण नेलं, कोंबडा झाला, घराची बांधणी झाली. त्याला मी अजिबात नावं ठेवणार नाही, घरातल्या बाकीच्यांना त्याने खरंच बरं वाटलं, सासूची झोप परत आली. फक्त घरच्यांच्या लेखी विषय तिथे संपला आणि धाकटीच्या लेखी नाही संपला.

आणि व्हिडिओ. कोणीतरी त्या सकाळी मोबाईलवर शूटिंग केलं आणि ते पंचक्रोशीतल्या सगळ्या ग्रुपवर फिरलं. तिच्या स्वतःच्या मुलाने ते शाळेत दुसऱ्याच्या मोबाईलवर पाहिलं. ती म्हणायची की डोळे मिटले तर आतला व्हिडिओ आणि उघडले तर बाहेरचा. लोकांनी हे फॉरवर्ड करणं थांबवावं अशी माझी मनापासून विनंती आहे, कारण ज्या बाईवर उपचार चालू आहेत तिच्या समोर ते पुन्हा पुन्हा येतं आणि आमचं महिन्याचं काम एका क्लिपमध्ये पुसलं जातं.

आमच्यापर्यंत ती आशाताईमुळे आली. लसीकरणाला बाळं घेऊन आलेल्या बायांशी बोलता बोलता आशाताईच्या लक्षात आलं की ही दारात पाठ भिंतीला लावूनच बसते, कधी मध्ये बसतच नाही. तिने "तुला मानसिक आजार आहे" असं काही म्हटलं नाही, झोप येते का एवढंच विचारलं. या घरोघरच्या विचारण्याला पुरावा आहे आणि तो आपल्याच विदर्भातला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा कार्यक्रम झाला, राहुल शिधये, विक्रम पटेल आणि त्यांच्या टीमने त्याचे निकाल २०१७ मध्ये लॅन्सेट सायकियाट्रीत छापले. गावातल्याच प्रशिक्षित लोकांनी घरी जाऊन, छोट्या बैठका घेऊन ताणतणावाबद्दल बोलायला सुरुवात केल्यावर डिप्रेशन असलेल्यांपैकी उपचारासाठी कोणाकडे तरी जाणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं, दीडेक वर्षात. देशपातळीवर २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या आजारांसाठी ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना आहेत असं आलं होतं, त्या हिशोबाने २७ हा आकडा मोठा आहे. पण मला त्यातून जास्त महत्त्वाचं हे दिसतं की लोक दवाखान्यात येत नाहीत याचं कारण फक्त दवाखाना लांब आहे एवढं नसतं, आपल्याला जे होतंय ते दवाखान्यात सांगण्यासारखं आहे हेच कोणी सांगितलेलं नसतं.

पहिल्या भेटीत मी घटना विचारलीच नाही. वनखात्याला, पोलिसांना, पत्रकारांना, तेराव्याला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तिने ती सांगून झाली होती. लगेच बसवून सगळं बोलून घ्यायचं, म्हणजे मन मोकळं होतं, हा समज फार पक्का आहे, पण एकाच बैठकीत सगळं उकरून काढण्याने पुढचा ट्रॉमा टळत नाही हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय आणि जागतिक आरोग्य संघटना पण ते करू नका म्हणते. म्हणून आम्ही झोप, जेवण, मुलं, काम इथून सुरू केलं. पीएचक्यू-९ म्हणजे नऊ प्रश्नांचा डिप्रेशनचा फॉर्म, २७ पैकी गुण, दहा किंवा जास्त आले की लक्ष द्यायचं, तिचे १७ आले. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो, त्यावर ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "लेकरं नसते तं पाह्यलं असतं."

एवढं पुरेसं होतं. धानावर फवारायच्या औषधाची बाटली घरात होती, ती त्याच दिवशी घराबाहेर काढायला लावली, कुलपात ठेवा असं मुद्दाम म्हटलं नाही. श्रीलंकेत १८० गावांत घरोघरी कुलपाच्या पेट्या वाटून मोठा अभ्यास झाला होता, २०१७ ला निकाल आला, विषप्राशन कमी झालेलं दिसलं नाही. घरात कुलूप असलं तरी किल्ली पण घरातच असते. श्रीलंकेत फरक पडला तो जहाल औषधांवर बंदी आणल्याने. आपल्या हातात बंदी नाही, पण एका घरातून बाटली हलवणं हातात आहे. नवऱ्याला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करून दिला आणि रात्री काय बघायचं, कधी एकटं सोडायचं नाही ते समजावलं.

आता या केसमधली खरी अडचण. ट्रॉमासाठी जे फॉर्म वापरतात त्यात दोन प्रश्न असतात, घटनेची आठवण करून देणाऱ्या जागा टाळता का, आणि सतत सावध, चौकस राहता का. दोन्हीला ती "हो, लय" म्हणाली, म्हणजे गुण वाढले. पण मी दुसरा प्रश्न वाचल्यावर तिने माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं आणि म्हणाली, "राहाच लागते न मॅडम, परवाच बोडीवर पंजे दिसले." आणि खरं होतं ते, पंजे दिसले होते, वनखात्याने कॅमेरा पण लावला होता. मग ही सावधगिरी आजाराचं लक्षण आहे की शहाणपण? शहरात अपघात झालेला माणूस रस्त्याला घाबरतो तेव्हा आपण त्याला सांगू शकतो की तो प्रसंग होऊन गेला, आता तू सुरक्षित आहेस, आणि उपचाराचा अर्धा भाग या एका वाक्यावर उभा असतो. हे वाक्य मी धाकटीला सांगितलं असतं तर ते खोटं झालं असतं, आणि तिने माझ्यावर पुन्हा कधी विश्वास ठेवला नसता.

हा प्रश्न फक्त आपल्या जंगलाचा नाही. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळात जोहान्सबर्गमध्ये गिल स्ट्रेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये नेमकं हेच लिहिलं होतं. त्यांच्याकडे येणारी पोरं पोलिसांच्या हिंसेतून आलेली असायची आणि बैठक संपली की त्याच वस्तीत परत जायची, संकट मागे पडलेलंच नसायचं. त्यांनी याला सततचा आघात म्हणून वेगळं धरलं, आणि उपचारात खऱ्या धोक्यापासून वाचण्याचं नियोजन पण आलं पाहिजे असं मांडलं. आपल्याकडे सुश्रुत जाधव आणि मान बरुआ यांनी २०१२ मध्ये आसाममधल्या हत्ती-माणूस संघर्षावर लिहिलं, की पीक गेलं, घर पडलं याचा हिशोब लागतो पण त्यामागून येणारी झोपमोड, दारू, कर्ज, मनाचा आजार याचा हिशोब कोणीच मांडत नाही. ते वाचताना आसाम काढून चंद्रपूर लिहिलं तरी चालेल असं वाटत होतं.

मग धोका चालू असताना उपचार करूच नयेत का, तर तसंही नाही. काँगोच्या पूर्व भागात लैंगिक हिंसा सोसलेल्या बायांवर ज्युडिथ बास यांच्या टीमने अभ्यास केला, २०१३ ला न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आला. काही गावांत संघर्ष चालूच होता. डॉक्टर नाहीत, मानसोपचारतज्ज्ञ नाहीत, थोडं शिकलेल्या स्थानिक बायांना ट्रेनिंग देऊन गटात विचारांवर काम करणारी थेरपी घेतली, बारा बैठका. सहा महिन्यांनी थेरपीच्या गटात ९ टक्के बायांना डिप्रेशन किंवा चिंतेचा आजार असण्याची शक्यता उरली होती, नुसत्या वैयक्तिक आधाराच्या गटात ४२ टक्के. म्हणजे बंदुकीचा आवाज ऐकू येत असताना पण माणूस बरा होऊ शकतो. मला यातून एवढंच घ्यायचं होतं की धाकटीची भीती पूर्ण काढून टाकायची नाही, तर भीतीची वाटणी करायची. कोणती भीती तिला वाचवते आणि कोणती तिचं जगणं खाते. आणि ही वाटणी ती एकटी करू शकत नाही, कारण जंगलात आणि बांधीत ती एकटी नसते, बाकीच्या बायांनी आणि घरच्यांनी त्यात यावं लागतं.

औषधाचं काम तालुक्याच्या दवाखान्यात ठरलेल्या दिवशी येणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांनी केलं. त्यांनी डिप्रेशनची गोळी सुरू केली आणि अल्प्राझोलम हळूहळू कमी केली, एकदम बंद केली नाही, कारण महिनोन्महिने घेतलेली ती गोळी एकदम बंद केली तर घबराट उलट वाढते, फिट पण येऊ शकते. जवळचं माणूस गेल्याच्या दुःखात किंवा आघातानंतर लगेच या जातीच्या गोळ्या देऊ नका असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलंय, आणि आपल्याकडे गावोगावी पहिला उपाय तोच असतो. यात कुठल्या एका डॉक्टरला दोष नाही देत मी, समोर बाई रडते आहे, रांगेत साठ पेशंट आहेत, काहीतरी द्यावं लागतं. पण गोळीने धाकटीला झोप लागायची ती तीन-चारला उघडायची, म्हणजे बरोबर मोह वेचायला निघायच्या वेळेला, आणि मग उजाडेपर्यंत ती दाराकडे तोंड करून बसायची.

आतून तिला खात होतं ते वेगळंच. "मीच उठवलं तिले." हे वाक्य ती प्रत्येक भेटीत म्हणायची. आणि ते फक्त तिच्या मनात नव्हतं, गावात पण बोललं जात होतं, घरात भासरे, म्हणजे थोरलीचा नवरा, हिचे मोठे दीर, तिच्या हातचं पाणी घेत नव्हते. सुंदरबनात अरविंद चौधुरी आणि सहकाऱ्यांनी वाघाने नवरा नेलेल्या बायांचा अभ्यास केला होता, २०१६ मध्ये इंडियन जर्नल ऑफ सायकियाट्रीत आला. त्यांनी त्यांची तुलना सापाने नवरा गेलेल्या आणि साध्या मरणाने नवरा गेलेल्या बायांशी केली आणि वाघवाल्या बायांच्या वाट्याला कलंक सगळ्यात जास्त निघाला. वाघाचं मरण हे लोकांच्या लेखी नुसतं मरण नसतं, कोणाचं तरी पाप शोधलं जातं, आणि ते बहुतेक वेळा बाईच्याच पदरात सापडतं.

भासऱ्यांसमोर ती डोक्यावरचा पदर सोडत नाही, थेट बोलत नाही, त्यामुळे दोघांना समोरासमोर बसवून बोला म्हणणं मूर्खपणाचं झालं असतं. आम्ही सासूला मध्ये घेतलं. सासूबाई सत्तरीच्या, निरक्षर, पण शब्दाला वजन असलेली बाई. एका दुपारी ओसरीवर सगळे होते, धाकटी आत चुलीजवळ, आणि सासूबाईंनी लेकाला सुनावलं, "तारू बी वाघानंच गेला, त्याले आपन देव मानतो, तळ्यावर जाऊन नारळ फोडतो. मंग माह्या सुनेच्या मरनात पाप कोनाचं पाह्यता?" ताडोबाच्या तळ्याकाठी ज्या तारूचं ठाणं आहे तो वाघाशी झुंजताना मेला अशीच कथा इथे सांगतात. मी इतक्या ट्रेनिंगनंतर पण हा दाखला दिला नसता, आणि माझ्या तोंडून तो शोभला पण नसता. भासरे काही बोलले नाहीत, उठून बैलांना पाणी दाखवायला गेले. पुढे काही दिवसांनी पोरीच्या हातून त्यांनी धाकटीकडून चहा मागवला, तेव्हा आम्हाला कळलं की काहीतरी हललं.

यानंतरच तिने स्वतःहून त्या पहाटेबद्दल बोलायची तयारी दाखवली. युगांडाच्या इम्वेपी निर्वासित वस्तीत फ्रँक नॉयनर वगैरेंनी २००४ च्या सुमारास एक पद्धत वापरून पाहिली, जन्मापासून आजपर्यंतचं आयुष्य क्रमाने सांगायचं आणि वाईट प्रसंग त्या ओळीत त्याच्या जागी बसवायचा. त्यात सुरुवातीला जमिनीवर दोरी पसरतात, चांगल्या गोष्टींना फुलं आणि वाईटाला दगड. पूर्ण पद्धतीचं ट्रेनिंग मला नाही, म्हणून आमच्या सुपरवायझर मॅडमच्या सांगण्यावरून मी फक्त दोरीचा भाग घेतला. बैल बांधायची दोरी घेतली, फुलांच्या जागी तुरीचे दाणे. तिने लग्नाच्या जागी मूठभर दाणे ठेवले आणि सांगितलं की लग्न होऊन आली तेव्हा तिला रोवणी म्हणजे धानाची लावणी येत नव्हती, ती नदीकाठच्या कापसाच्या गावची, थोरलीने तिला पऱ्ह्याची म्हणजे रोपांची जुडी कशी धरायची ते शिकवलं, अंगठ्याने रोप कसं दाबायचं ते. मग बाळंतपण, तिथे पण थोरली. मग दगड. तो दगड ठेवल्यावर ती बराच वेळ दोरीकडे बघत राहिली, आणि म्हणाली की इतके दिवस तिला थोरली म्हटलं की फक्त तो दगडच दिसायचा.

सगळ्यात मोठी लढाई मात्र कामावर होती. जुलैत रोवणी सुरू झाली. इथे बाया गुत्त्याने रोवणी घेतात, दहा-बारा जणींची टोळी, एकराचा ठराव, जितकं लवकर आटपेल तितकं सगळ्यांचं भलं. रोवणी म्हणजे दिवसभर कमरेतून वाकणं. आणि धाकटीला वाकताच येत नव्हतं. "वाकलं का मान आपोआप मांगं जाते," असं ती सांगायची. दोन-तीन ओळी झाल्या की झटकन उभी राहायची, मागे बघायची, छाती धडधडायची, पुन्हा वाकायची. ओळ मागे राहायची, बाकीच्या पुढे. आदल्या हंगामात टोळीने तिला दोन दिवसांत काढून टाकलं होतं. कोणी दुष्टपणाने नाही केलं ते, एकीचा वेग कमी म्हणजे सगळ्यांची मजुरी कमी.

आम्ही वाकण्यापासूनच सुरुवात केली. आधी अंगणात, दुपारी, सासू समोर बसलेली असताना सारवण. भीती किती वाटते ते ती बोटांवर सांगायची, पाच बोटं म्हणजे पळून जावंसं वाटतं. पाचवर गेली की थांबायचं नाही, वाकलेलंच राहायचं, श्वास लांब सोडायचा, बोटं तीनवर येईपर्यंत. मग परसातली वांगी. मग घरामागची बांधी, भर दुपारी, नवरा धुऱ्यावर म्हणजे बांधावर उभा. इथपर्यंत पुस्तकात लिहिल्यासारखं झालं. पुढे पुस्तक संपलं, कारण टोळीची बांधी जंगलाला लागून होती आणि तिथे तिची भीती चुकीची नव्हती.

मग आम्ही टोळीच्या बायांसोबत बसलो. मी विचारलं की तुम्हाला वाकल्यावर मागे बघावंसं वाटत नाही का. आधी हसल्या, मग एकीने सांगितलं की तिला पण वाटतं, मग दुसरीने, मग कळलं की सगळ्याच मधूनमधून मागे बघतात, फक्त धाकटीचं दिसतं आणि बाकीच्यांचं दिसत नाही. तिथून ठरलं की जंगलाच्या बाजूच्या बांधीत एक बाई धुऱ्यावर उभी राहून राखण करेल, हातात काठी आणि डबा, मधूनमधून वाजवत. वनखात्याच्या प्राथमिक प्रतिसाद दलाची पोरं पण हेच सांगत असतात, गटाने जा, आवाज करत राहा. प्रश्न होता मजुरीचा, उभ्या बाईचे पैसे कोण देणार? शेतमालक म्हणाला मी रोवणीचे देतो, उभं राहायचे नाही. त्याचं पण बरोबर आहे, त्याच्या धानाला भाव किती मिळतो ते आपल्याला माहीत आहे. शेवटी बायांनीच मार्ग काढला. राखणीची पाळी आळीपाळीने, गुत्त्याचे पैसे सगळ्यांत सारखे, जी उभी आहे तिचा वाटा धरून. दिवसाला प्रत्येकीचे थोडे पैसे कमी झाले, आणि ते त्यांनी स्वीकारले. म्हाताऱ्या झालेल्या, कंबर गेलेल्या दोघींना तर उलट राखणीची पाळी सोयीची पडली.

धाकटी पहिल्या दिवशी राखणीलाच उभी राहिली. तिची जी चौकस नजर माझ्या फॉर्ममध्ये आजाराचे गुण वाढवत होती तीच तिथे टोळीला कामाची वाटली. दुसऱ्या दिवशी ती वाकली, आणि वाकलेली राहिली, कारण मागे बघायचं काम आता दुसऱ्या कोणाचं तरी होतं. हा बदल गोळीने किंवा माझ्या बोलण्याने एकट्याने झाला नसता असं माझं ठाम मत आहे. झोप आली नसती तर ती शेतापर्यंत पोचली नसती हे खरं, पण शेतातली व्यवस्था बदलली नसती तर ती पुन्हा घरीच बसली असती.

आता पैशाचं बोललंच पाहिजे. केनियात योहानेस हाउसहोफर आणि सहकाऱ्यांनी गावातल्या पाच हजारांवर लोकांचा अभ्यास केला, २०२० मध्ये मांडला. काहींना रोख रक्कम, काहींना पाच आठवड्यांची समुपदेशनाची थेरपी, काहींना दोन्ही. वर्षभराने रोख रकमेने घरखर्च पण सुधारला आणि मन पण, नुसत्या थेरपीचा फरक दिसला नाही. मी स्वतः समुपदेशन करते, तरी हा अभ्यास मी सगळ्यांना सांगते. त्यात एक गोष्ट लक्षात ठेवायची, तिथे लोक त्रास पाहून निवडलेले नव्हते, सरसकट घेतले होते, त्यामुळे १७ गुण असलेल्या बाईला थेरपी नको असा त्याचा अर्थ होत नाही. पण मन आणि मजुरी वेगळी काढता येत नाही एवढं त्यातून नक्की कळतं. या घरात भरपाई भासऱ्यांच्या नावाने आली, ते बरोबरच आहे. धाकटीचा मोहाचा हंगाम बुडला, तेंदूच्या फळीवर, म्हणजे पानं जमा करतात तिथे, ती गेली नाही, रोवणीतून काढली गेली, दवाखान्यात खर्च झाला, आणि यातल्या एका रुपयाची कुठे नोंद नाही. त्या दिवशी सोबत असलेल्यांची साधी यादी जरी पंचनाम्यातून आरोग्य खात्याकडे गेली तरी पुष्कळ होईल, त्याला वेगळा कायदा लागत नाही, एक कागद आणि एक फोन लागतो.

आजची स्थिती अशी की तिचे गुण १७ वरून ८ वर आलेत, झोप पाच-सहा तास सलग लागते, गोळी डॉक्टरांच्या देखरेखीत चालू आहे, अल्प्राझोलम बंद झाली. मोह वेचायला ती जात नाही. मी तो मुद्दा उपचाराच्या ध्येयात घेतलाच नाही, फॉर्म त्याला टाळाटाळ म्हणत असेल तर म्हणू द्या. छत्तीसगड-मध्यप्रदेशात काही ठिकाणी मोहाच्या झाडाखाली जाळी बांधतात, फुलं जाळीत पडतात, उजाडल्यावर गटाने जाऊन गोळा करता येतात, वाकायचं कमी, खालचा पालापाचोळा जाळायची गरज नाही. गावाच्या झाडांसाठी अशा जाळ्या मिळाव्यात म्हणून बचत गटाने अर्ज केला आहे. मिळाल्या तर ती जाईल का ते तीच ठरवेल.

थोरलीची मुलगी चौदा वर्षांची आहे, आता ती काकूजवळच झोपते. ती शाळेत जाते, काम करते, हसते, आणि आईबद्दल एक शब्द बोलत नाही. तिच्यासाठी काय करायचं याचं उत्तर या केसमध्ये मिळालेलं नाही, मोठ्यांसाठीचे हे सगळे अभ्यास तिच्यावर तसेच लावता येणार नाहीत. सध्या शाळेतल्या एका मॅडमशी तिचं जमतं, त्या मॅडमना आम्ही धरून आहोत.

आणि त्या पहाटेच्या बाकीच्या बाया. आमच्या रजिस्टरमध्ये त्यातली एकटी धाकटीच आहे, कारण आशाताईची नजर तिच्यावर पडली. टोळीच्या बैठकीनंतर आणखी दोघी स्वतःहून बोलायला आल्या, एकीला अजून मोहाच्या वासाने ओकारी येते. एक जण नवऱ्यासोबत तेलंगणात मिरची तोडायला गेली आहे, ती त्या दिवशी धाकटीच्या सगळ्यात जवळ होती. तिचा नंबर आशाताईकडे आहे, लागत नाही, पण मिरचीचं काम आटपून ती टोळी परत आली की पहिलं तिच्या घरी जायचं ठरलंय, मोहाचा हंगाम लागायच्या आत.